रिपोर्टवरची सही आणि रविवारची उपासना

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातील गुणवत्ता विभागात काम करणाऱ्या एका वाचकाचे चार पानी पत्र आले आहे. त्यातला मुख्य भाग असा :

"रविवारी उपासनेत बसणारा मी आणि सोमवारी सकाळी सातला गेटवर पंच करणारा मी, या दोघांची एकमेकांशी ओळखच नाही असे वाटू लागले आहे. आमच्या बायबल अभ्यासगटाचे पुढारी सांगतात की कामाच्या ठिकाणी आपल्या विश्वासाची साक्ष द्या, पत्रिका वाटा, टेबलावर बायबलचे वचन लावा. माझ्याच्याने ते होत नाही. डिस्पॅचची घाई असली की आमचे सुपरवायझर म्हणतात, 'मोजत बसू नका, कालचेच आकडे थोडे इकडेतिकडे करून टाका,' आणि मी टाकतो व सही करतो. हेल्पर पोरांनाही अशा वेळी दोन दोन तास जास्त थांबवावे लागते. खंडेनवमीला मशीनपूजेच्या वेळी काय करावे ते कळत नाही. आमची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, त्यामुळे रविवारी पहिली पाळी लागली की उपासना बुडते. ख्रिस्ती विश्वास कामात आणायचा तर नेमकी सुरुवात कुठून करावी?"

प्रिय बंधू, सप्रेम सलाम.

आपल्या पत्रात साक्षीवर दीड पान आहे, पूजेवर एक पान आहे आणि न मोजलेल्या आकड्यांवर जेमतेम तीन ओळी आहेत. माझ्या मते सुरुवात त्या तीन ओळींपासून करावी लागेल. टेबलावर वचन लावायला आपला हात धजत नाही, याला आपण भित्रेपणा म्हणता. मला मात्र त्यात सद्सद्विवेक जागा असल्याची खूण दिसते. ज्या टेबलावर कालचे आकडे आज पुन्हा लिहिले जातात, त्याच टेबलावर वचनाचे स्टिकर लागले, तर ते पाहून शेजारचा ऑपरेटर काय समजेल, हे आपल्याला मनातून ठाऊक आहे.

पवित्र शास्त्राला बाजारातल्या आणि कारखान्यातल्या गोष्टींचे वावडे नाही. बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात अगदी रोखठोक आज्ञा आहे की तुझ्या पिशवीत एक मोठे आणि एक लहान अशी दोन प्रकारची वजने नसावीत. तेव्हाच्या व्यापाऱ्याच्या पिशवीत दगडी वजने असत. आपल्या हातात मायक्रोमीटर, बोअर गेज आणि प्लग गेज ही मापाची साधने असतात. ज्या शॉपमध्ये कॅलिब्रेशनचे म्हणजे अचूकता तपासल्याचे ताजे स्टिकर लावलेले गेज ऑडिटच्या दिवसापुरते पेटीतून बाहेर निघते आणि रोजच्या कामाला झिजलेले गेज चालते, त्या शॉपच्या पिशवीत दोन वजने आहेत. न मोजता लिहिलेल्या आकड्याच्या मागे तर वजनच नसते.

हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही, कारण बनावट आकडे कसे दिसतात हे आपल्या विभागातल्या माणसाइतके कोणालाच कळत नाही. मशीनवर खरोखर मोजलेल्या बोअरचे, म्हणजे भागातल्या भोकाचे, आकडे विखुरलेले असतात. धातू कापणारी इन्सर्ट झिजत गेली की बोअर हळूहळू लहान होत जातो आणि मशीनला ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, दिल्यावर पुन्हा वर येतो. टेबलावर बसून रचलेली मालिका मात्र मधल्या मापाभोवती शहाण्या मुलासारखी रांगेत उभी असते. ०.०२ मिलिमीटर म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतर, ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तर त्या रकान्याखाली आपली सही घेतली जाते. ज्या इंजिनिअरने तो भाग कधी पाहिलाही नाही आणि जो माणूस त्या भागाच्या भरवशावर गाडी चालवणार आहे, ते दोघेही आपल्या सहीवर विसंबून असतात. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा कारखान्यात कशी पाळायची असे आपण विचारता, तर या दोन अनोळखी माणसांपासून सुरुवात करता येईल.

आता प्रत्यक्ष काय करावे ते लिहितो. सुपरवायझरांशी बोलण्यासाठी डिस्पॅचची गाडी दारात उभी असतानाची वेळ निवडू नका. पाळी सुरू होण्याआधी, चहाच्या वेळी, दोघेच असताना बोला. बोलताना वचन उद्धृत करू नका. त्याने समोरच्या माणसाला आपण न्यायासनावर बसलो आहोत असे वाटते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. "साहेब, यापुढे माझ्या सहीच्या वर मी मोजलेलेच आकडे असतील; वेळेअभावी जे मोजता आले नाही, त्या रकान्यात तपासले नाही असे मी लिहीन," एवढे वाक्य पुरे आहे. त्याच बैठकीत मार्गही पुढे ठेवा, कारण नुसता नकार देणाऱ्यापेक्षा तोडगा घेऊन येणाऱ्याचे म्हणणे लवकर ऐकले जाते. बोअरसाठी गो–नो गो प्लग गेज (एक टोक आत गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये) मागवले, तर ऑपरेटरच मशीनवर नग तपासू शकतो आणि आपल्याला ठरलेल्या नमुन्यांचेच नेमके माप घ्यावे लागेल. माप खरोखरच मर्यादेबाहेर असेल आणि माल तरीही पाठवणे भाग असेल, तर ग्राहकाकडून लेखी डेव्हिएशन, म्हणजे असा माल घेण्याची परवानगी, मागण्याची रीत आपल्या व्यवसायात आहेच. ती रीत प्रामाणिक आहे. तिच्यात कमीपणा वाटतो तो फक्त वरिष्ठांना.

झालेल्या रिपोर्टांचे काय, हा प्रश्न आपण विचारला नाही, पण तो टाळता येणार नाही. ते भाग ब्रेक किंवा स्टिअरिंगशी संबंधित असतील, तर कोणत्या तारखांच्या बॅच न तपासता गेल्या याची यादी करून ती गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांसमोर ठेवा आणि त्यांच्याकडून काहीच हालचाल झाली नाही तर वरच्या पायरीवर जा. इतर भागांच्या बाबतीतही ही यादी प्रमुखांना द्यावीच, मात्र तिथे त्यांच्या निर्णयाची वाट पाहायला हरकत नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये अशा वेळी प्रार्थनासभेत उभे राहून अश्रूंनी पापकबुली देण्याची पद्धत आहे. तिला माझा विरोध नाही, पण तिथे बसलेल्या एकाही माणसाच्या गाडीत आपला नग बसवलेला नसण्याचा संभव मोठा आहे. जक्कय या जकातदाराने येशूसमोर उभे राहून ज्यांना फसवले होते त्यांना चौपट परत करण्याचे सांगितले, म्हणजे जिथे नुकसान झाले तिथेच भरपाई करायचे ठरवले. ते अधिक अवघड असते आणि म्हणूनच अधिक उपयोगी असते.

याची किंमत मोजावी लागू शकते, हेही स्पष्ट सांगतो. प्रामाणिकपणाचे फळ बढतीच्या रूपाने मिळतेच, अशा आशयाची प्रवचने पुष्कळ होतात. मला ती पटत नाहीत. दानीएलाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय वाचा. दानीएल हा राजाचा मोठा अधिकारी; त्याच्या कारभारात शत्रूंना चूक किंवा गैरव्यवहार सापडला नाही आणि नेमक्या त्याच कारणाने त्यांनी त्याला गोवण्यासाठी निराळा कायदा करून घेतला. त्याच्या स्वच्छ कारभारानंतर पुढचा मुक्काम सिंहांची गुहा होता. आपल्यावर घराच्या कर्जाचे हप्ते आहेत, म्हणून बोलण्याआधी घरात पत्नीला विश्वासात घ्या आणि शक्य असल्यास तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला काढून ठेवा. तडकाफडकी राजीनामा देऊ नका. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे जकातदार आणि शिपाई आले आणि "आम्ही काय करावे?" असे विचारू लागले, तेव्हा त्याने त्यांना धंदा सोडायला सांगितले नाही, ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका, कोणाला लुबाडू नका आणि पगारात समाधान माना, असे सांगितले. त्या काळी जकातीच्या नाक्यावर इतका आडवा-उभा पैसा फिरत असे की त्या मानाने आपला इन्स्पेक्शन विभाग फारच सोवळा म्हणावा लागेल.

नाशिकच्याच मातीतले एक उदाहरण इथे सांगावेसे वाटते. आज शरणपूर रोडवरून जाणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरला जी वस्ती उभी केली, तिथे गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेल्या आफ्रिकी मुलांना शिक्षण दिले जाई. अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे हाताचे धंदे शिकवले जात. त्यांपैकी जेकब वेनराइट हा तरुण १८७२ मध्ये स्कॉटिश मिशनरी व शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्यासाठी धाडलेल्या तुकडीतून आफ्रिकेत गेला. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन यांचे आजच्या झांबियातील एका खेड्यात निधन झाले, तेव्हा मृतदेह किनाऱ्यापर्यंत वाहून न्यायचे त्यांच्या माणसांनी ठरवले. निघण्यापूर्वी सगळ्यांसमक्ष पेट्या उघडून आतल्या वस्तूंची यादी करण्यात आली, आणि दौत-लेखणी घेऊन ती यादी करणारा माणूस वेनराइट होता. लिव्हिंग्स्टन यांचे हृदय तिथेच एका झाडाखाली पुरले गेले. त्या वेळी दफनविधीची प्रार्थनाही त्यानेच वाचली आणि झाडावर नाव-तारीख कोरण्याचे कामही त्यानेच केले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये तो होता. त्या मानापेक्षा मला जंगलातली ती यादी मोठी वाटते. मालक मेलेला, हिशोब विचारणारे कोणी शेकडो मैलांत नाही, आणि तरीही पेटीत जे आहे तेवढेच कागदावर उतरले पाहिजे, ही शिस्त त्याच्या अंगात होती. प्रार्थना आणि नोंद ही दोन्ही कामे एकाच हाताने झाली.

हेल्पर मुलांविषयी आपण एकच वाक्य लिहिले आहे आणि तेही आपल्या अडचणीचा भाग म्हणून. ही मुले बहुधा पेठ-सुरगाण्याकडची, कंत्राटदारामार्फत आलेली, खोलीत पाच-सहा जण मिळून राहणारी असतील. त्यांना थांबवण्याचा निरोप आपल्या तोंडून जातो, म्हणून पुढचे प्रश्न आपणच विचारायचे आहेत. ते दोन तास हजेरीत चढतात का? जादा कामाचे पैसे कायद्याप्रमाणे दुप्पट दराने मिळतात, की कंत्राटदार त्यांची सोय नाश्त्याच्या पाकिटावर लावतो? उशीर झाल्यावर ती मुले परत कशी जातात? कापणी करणाऱ्यांची रोखून धरलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड सैन्यांच्या प्रभूच्या कानी गेली आहे, असे याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. ते पत्र ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेले आहे, हे लक्षात घ्या. कंत्राटदाराचे बिल तपासण्याचा अधिकार आपल्याला नसेल. पण कोणाला किती वाजेपर्यंत थांबवले, याची तारीखवार नोंद आपल्या वहीत ठेवून महिन्याच्या शेवटी ती पर्सनल विभागाला देण्यापासून आपल्याला कोणी अडवलेले नाही.

साक्षीच्या प्रश्नाकडे आता वळतो. आपल्या अभ्यासगटाच्या पुढाऱ्यांच्या कळकळीविषयी मला आदर आहे, पण शॉप फ्लोअरवर पत्रिका वाटण्याचा त्यांचा सल्ला मी आपल्याला देणार नाही. एक तर त्या आठ तासांचा पगार आपण घेतलेला असतो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे : ज्याच्या नगावर लाल किंवा हिरवा टॅग लावणे आपल्या हातात आहे, तो ऑपरेटर किंवा हेल्पर आपली पत्रिका मोकळेपणाने नाकारू शकत नाही, आणि जी गोष्ट नाकारता येत नाही ती स्वीकारलीही जात नाही. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने आपल्याला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, त्याविषयी कोणतीही शंका नको. परंतु हक्क असणे आणि जागा योग्य असणे या दोन बाबी वेगळ्या आहेत. पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगितलेली रीत मला कारखान्याला जास्त मानवणारी वाटते : तुमच्या आशेचे कारण जो कोणी विचारील त्याला उत्तर द्यायला सिद्ध असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. म्हणजे आधी कोणीतरी विचारले पाहिजे. आकडे खोटे लिहायला नकार देणाऱ्या आणि तरीही सुपरवायझरांविषयी कँटीनमध्ये वाईट न बोलणाऱ्या माणसाला लोक आज ना उद्या विचारतातच. तेव्हा संकोच करू नका. "मी येशूवर विश्वास ठेवतो, म्हणून" असे साधेपणाने सांगा, आणि त्याला अधिक ऐकायचे असेल तर सुट्टीच्या दिवशी घरी जेवायला बोलवा.

खंडेनवमीबद्दल. मशीन पुसणे, चिप काढणे, तेलाचे डाग घालवणे, फरशी धुणे हे आदल्या दिवशीचे काम सर्वांबरोबर बाह्या सरसावून करा. ते आपल्याच मशीनचे काम आहे आणि त्यात कोणताही पेच नाही. पूजेच्या वेळी सर्वांबरोबर शांतपणे उभे राहण्यातही मला गैर दिसत नाही. नामान हा अरामी सेनापती इस्राएलाच्या देवावर विश्वास ठेवू लागल्यानंतर त्याने अलीशा संदेष्ट्याला विचारले की राजा माझ्या हाताचा आधार घेऊन रिम्मोन या दैवताच्या मंदिरात वाकतो तेव्हा मलाही वाकावे लागते, त्याची मला क्षमा होईल का. आणि अलीशाने त्याला "शांतीने जा" एवढेच उत्तर दिले. अर्थात आपल्याला कोणी वाकायची सक्ती केलेली नाही, त्यामुळे आरतीचे ताट हातात घेणे आपल्या मनाला पटत नसेल तर विभागप्रमुखांना दोन दिवस आधी तसे सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी नारळ फोडायला आपलेच नाव पुकारले जाऊन सर्वांची पंचाईत होणार नाही. वर्गणीतला आपला वाटा चहा-नाश्त्यासाठी म्हणून द्या.

प्रसादाच्या बाबतीत निरनिराळ्या मंडळ्यांचे शिक्षण सारखे नाही, तेव्हा आपल्या पाळकसाहेबांशीही बोला. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात या पेचावर सविस्तर लिहिले आहे : बाजारात जे विकले जाते ते चौकशी न करता खा, कोणाच्या घरी जेवायला गेलात तर वाढलेले खा, मात्र हे मूर्तीला अर्पण केलेले आहे असे कोणी सांगितले तर ज्याने सांगितले त्याच्याकरिता ते खाऊ नका. हे मी मानतो आणि म्हणून प्रसाद घेत नाही. पण पेढा हातात घेऊन नंतर गुपचूप डस्टबिनमध्ये टाकणे हा देणाऱ्याचा अपमान आहे आणि शिवाय लबाडीही आहे. त्यापेक्षा हात जोडून, हसून, "मी घेत नाही, पण दसऱ्याच्या मनापासून शुभेच्छा" म्हणावे. पंचवीस डिसेंबरनंतर आपण डब्यातून करंज्या आणि केक नेता तेव्हा हेच सहकारी दोन दोन तुकडे उचलतात, याची आठवण असली की नकाराचा सूर आपोआप मऊ होतो.

राहिला रविवार. महाराष्ट्रातल्या कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली तिच्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांचा मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी दिलेला लढा आहे. १० जून १८९० रोजी ती मान्य झाली, आणि रविवार हा खंडोबाचा वार आहे हाही त्यांच्या मागणीतला एक आधार होता असे सांगितले जाते. तेव्हा रविवारवर केवळ आपलाच हक्क आहे, अशा थाटात अर्ज करू नये. रोमी साम्राज्यात कॉन्स्टंटाईनने ३२१ मध्ये रविवार विश्रांतीचा ठरवला, त्याआधी जवळजवळ तीनशे वर्षे ख्रिस्ती लोकांना तो कामाचाच दिवस होता. सुमारे ११२ मध्ये बिथुनियाचा सुभेदार प्लिनी याने सम्राट त्रायानला पाठवलेल्या पत्रात लिहिले आहे की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात आणि शपथ घेतात की चोरी करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, आणि विश्वासाने सोपवलेली ठेव मागितल्यावर नाकारणार नाही. विरोधकाच्या हातच्या या माहितीत उपासना आणि व्यवहार एकमेकांना इतके चिकटलेले आहेत की मधे बोट घालायला जागा नाही.

म्हणून पहाटेची किंवा संध्याकाळची उपासना कमी प्रतीची मानू नका. आपल्या मंडळीत संध्याकाळची उपासना नसेल, तर शहरातल्या दुसऱ्या मंडळीत त्या रविवारी जायला हरकत नसावी. पहिली पाळी साडेतीनला सुटते, म्हणजे वेळ आहे. उपासनेवाचून महिनेच्या महिने जाऊ देऊ नका, कारण वर लिहिलेले सगळे एकट्याने निभावण्याइतके बळ कोणातच नसते. पाळीचा तक्ता २५ तारखेला लागतो असे आपण कळवले आहे, तर त्याआधी अर्ज द्या, महिन्यातले दोन रविवार दुसरी पाळी मागा आणि तिच्या बदल्यात दिवाळीत पाडवा व भाऊबीज या दिवशी कामावर येण्याची तयारी त्याच अर्जात लिहून द्या. ज्या सहकाऱ्याशी पाळी बदलायची, त्याला मात्र अर्ज देण्याआधी विचारा. त्याची मुले लहान आहेत आणि त्यालाही सकाळी घरी थांबायला आवडत असेल.